टाळेबंदी, शेतकऱ्याचे घर आणि स्त्रियांचे आरोग्य

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून कोरोनाच्या साथीस्तव सर्व देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या वेळी नागपूर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे वर्ष अगदी मध्यावर अडलेले होते. काटोल-नरखेडकडे मृग बहाराचा संत्रा झाडावर होता. गहू व हरभरा खळ्यावर येत होता. आणि कापसाचा शेवटचा वेचा पुष्कळांच्या राहत्या घरातच पडून होता. शेतीची कामे बंद ठेवावी असा हुकूम नव्हता. मध्यवर्ती सरकारने २७ मार्च रोजीच शेतीकामास व शेतमालाच्या खरेदीस टाळेबंदीतून वगळले. परंतु शेत उघडे राहिले तरी शेताभोवतालचे जग मिटले. आठवडी बाजार, एस. टी. गाड्या, शाळा, अंगणवाडी, गावोगावची लसीकरणाची बैठक, आणि लेकीबाळींस माहेराकडे नेणारी वाट, ही सर्व एका रात्रीत बंद झाली. या बंद झालेल्या गोष्टी जो भार रोज उचलीत होत्या तो भार नाहीसा झाला नाही. तो घरात आला, आणि घरात आल्यावर तो कोणाच्या डोक्यावर बसला हे सांगण्याकरिताच प्रस्तुतचा लेख लिहिला आहे.

शेतीच्या मासिकात असल्या विषयाचे काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. त्यावर आमचे उत्तर इतकेच की, निंदण, वेचणी, रोवणी, मिरचीची तोडणी, बियाणे निवडणे, दुभत्या जनावरांची निगा, ही कामे ज्यांच्या हातून होतात त्यांची प्रकृती हा शेतीच्या भांडवलाचाच एक भाग होय. बैल आजारी पडला तर शेतकरी त्याच दिवशी ढोरांचा डॉक्टर बोलावितो; घरातील बाई दोन महिने चक्कर येते म्हणून सांगत असली तरी हंगाम आटोपल्यावर पाहू, असे म्हणतो. हे कठोर वाटेल, पण खोटे आहे असे वाचकांपैकी फारच थोडे म्हणतील.

साथीच्या रोगाचा स्त्रियांशी असलेला संबंध आपल्या प्रांतास नवा नाही. १८९७ च्या मार्च महिन्यात सावित्रीबाई फुले पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने वारल्या. त्यानंतर १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. त्या साली पाऊस फसलेला, धान्य महाग, आणि जुना मध्यप्रांत व वऱ्हाड हा मुलूख हिंदुस्थानात सर्वांत अधिक मनुष्यहानी झालेल्या मुलुखांपैकी एक होता. त्या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या. स्त्री स्वतः तापाने फणफणत असली तरी तिला पाणी भरावे लागे, चूल पेटवावी लागे आणि घरातील इतर आजाऱ्यांची उठबस करावी लागे. अंथरुणावर पडून राहणे, जे त्या रोगावर त्या काळी एकमेव औषध होते, ते तिच्या वाट्यास आले नाही.

कोरोनाची गोष्ट याहून निराळी आहे. प्रत्यक्ष रोगाने जे दगावले त्यांत नोंदीप्रमाणे पुरुषांची संख्या अधिक होती. म्हणून या साथीत स्त्रिया तुलनेने बचावल्या असा समज पसरला. परंतु रोगाने झालेली हानी मोजली गेली, आणि रोग रोखण्याकरिता जे उपाय योजिले त्यांनी झालेली हानी बहुतांशी मोजलीच गेली नाही, हा भेद ध्यानात ठेवावयास पाहिजे. टाळेबंदी करावयासच नको होती असे आमचे म्हणणे नाही. त्या वेळी औषध नव्हते, लस नव्हती, आणि इस्पितळे अपुरी होती. पण तिची किंमत कोणी भरली याचा हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम घरकाम घेऊ. केंद्रीय सांख्यिकी खात्याने २०१९ साली, म्हणजे साथीच्या आदल्याच वर्षी, देशातील माणसे दिवसाचा वेळ कशात घालवितात याची पाहणी केली होती. घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत रोजचा सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे सुमारे पाच तास, वेळ जातो असे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हे साधारण दिवसाचे मोजमाप. आता टाळेबंदीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. नागपूर, पुणे, मुंबई येथे नोकरीस असलेली मुले गावी परतली. शाळा बंद म्हणून लहान मुले दिवसभर घरात. अंगणवाडीतील व शाळेतील शिजवलेला आहार बंद. आणि हात धुवा, कपडे वेगळे धुवा, अशा सूचना. त्या सर्व सूचना योग्यच होत्या, परंतु त्यांस लागणारे पाणी मार्च ते जून या महिन्यांत, ज्या महिन्यांत विदर्भातील विहिरी तळ गाठतात, कोणी वाहिले हे सांगावयास नको. घरात माणसे वाढली म्हणून हात वाढले असे फारच थोड्या घरी घडले. ज्या घरी घडले तेथे मात्र ते टिकले, असे आम्ही पाहिले आहे. भाकरी भाजणारा तरुण मुलगा हा त्या उन्हाळ्यापूर्वी आमच्याकडे थट्टेचा विषय होता.

घरातील जागेचाही प्रश्न होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमी भाव क्विंटलला ५,५५० रुपये होता. टाळेबंदीमुळे कापूस महामंडळाची व पणन महासंघाची खरेदी थांबली, ती एप्रिलच्या अखेरीस हळूहळू पुन्हा सुरू झाली. परंतु दिवसाला ठराविकच गाड्या घेत असल्यामुळे पुष्कळांच्या पाळ्या मृग नक्षत्र लागेपर्यंत आल्या नाहीत. तोपर्यंत कापूस माजघरात. कापसाची विक्री लांबली की अंगास खाज सुटणे, पुरळ येणे, या तक्रारी वऱ्हाडात व नागपूरकडे सर्वांच्या परिचयाच्या आहेत. साठविलेल्या कापसातील बारीक किडे व धूळ यांचा तो परिणाम असतो, आणि धुळीने दम्याचा विकार असणाऱ्यांस खोकला बळावतो. पुरुष अंगणात वा खळ्यावर निजतो. बाळंतीण, तान्हे मूल व म्हातारी सासू यांस कापसाच्या ढिगाशेजारीच दिवसरात्र काढावी लागते. यापुढे कधी कापूस घरात ठेवण्याचा प्रसंग आला तर निजण्याची खोली व साठ्याची खोली यांमध्ये दार असावे, आणि चूल व दिवा त्या साठ्यापासून दूर असावा, इतकी काळजी तरी प्रत्येकास घेता येण्याजोगी आहे.

मजूर बायांची अवस्था याहून बिकट होती, आणि ती आमच्या वाचकांस ठाऊक असणे अवश्य आहे. कारण त्यांच्याच हातांवर आपली शेते पिकतात. भिवापूरकडे मिरचीचे देठ खुडण्याचे काम बहुतेक बायाच करतात. ते काम बंद पडले. चंद्रपूर व गडचिरोलीकडून तेलंगणात मिरची तोडण्यास गेलेल्या बाया तेथेच अडकल्या, आणि पुष्कळ जणी लेकरे काखेत घेऊन जंगलवाटांनी पायी निघाल्या. नागपूर हे दक्षिणोत्तर व पूर्वपश्चिम अशा दोन्ही महामार्गांच्या चौफुलीवर असल्यामुळे हैदराबादकडून मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश व छत्तीसगढकडे चालत जाणाऱ्यांचे लोंढे एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात येथूनच गेले. त्यांत गर्भार बाया होत्या. रामटेक-पारशिवनीकडील जंगलालगतच्या गावांत मोह वेचण्याचा हंगाम त्याच दिवसांत येतो. मोह वेचला गेला, पण आठवडी बाजार नसल्यामुळे तो विकावयाचा कोठे, हा प्रश्न उरला. रोजगार हमीचा दर आपल्या राज्यात २०६ रुपयांवरून २३८ रुपये झाला खरा. परंतु पहिल्या टाळेबंदीच्या आठवड्यांत कामेच उघडली नव्हती.

आता आरोग्याच्या मुख्य मुद्द्याकडे वळू, आणि तो म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील माहिती २०१९ सालीच गोळा झाली. तीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोहाचा रंजक भाग, ज्यास हिमोग्लोबिन म्हणतात, प्रमाणापेक्षा कमी आढळला. चार-पाच वर्षांपूर्वीच्या फेरीत हेच प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे साथ येण्यापूर्वीच स्थिती बिघडत चालली होती. गर्भार नसलेल्या स्त्रीच्या रक्तात दर शंभर मिलीलिटरमागे निदान १२ ग्रॅम व गर्भार स्त्रीच्या रक्तात ११ ग्रॅम हिमोग्लोबिन असावयास पाहिजे. ७ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो जिवाचा धोका समजून इस्पितळातच उपचार केले पाहिजेत. असे रक्त घेऊन बाळंत होणारी स्त्री प्रसूतीच्या वेळी थोडाही अधिक रक्तस्राव झाला तर तो सोसू शकत नाही.

टाळेबंदीत या स्थितीवर दोन बाजूंनी घाव बसला. एक, ताटातील अन्न. शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत मिळू लागले, ते प्रथम तीन महिन्यांकरिता व मागाहून नोव्हेंबर २०२० पर्यंत. कुटुंबास महिन्याला एक किलो डाळही जाहीर झाली. त्यामुळे उपासमार टळली, हे मान्य करणे न्यायाचे आहे. परंतु पोट भरणे आणि रक्त भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तूर, हरभरा, पालेभाजी, अंडे, तीळ, गूळ यांचा वाटा कमी झाला की भात-पोळीने भूक भागते, रक्त वाढत नाही. शिवाय घरात माणसे अधिक व जिन्नस मोजका असला की जी सर्वांच्या शेवटी जेवते तिच्या ताटात वरणाचे पाणीच येते. दुसरा घाव लोहाच्या गोळ्यांचा. गर्भार स्त्रीस चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० गोळ्या व बाळंतपणानंतर तितक्याच दिवसांच्या गोळ्या सरकारी आरोग्यकेंद्रातून फुकट मिळतात. त्या गावात वाटल्या जातात आरोग्य व पोषण दिनाच्या बैठकीत. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्या बैठका बहुतेक ठिकाणी बंद होत्या. आशा सेविकांनी घरोघर जाऊन जेवढ्या पोहोचविता आल्या तेवढ्या पोहोचविल्या.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा उपयोग फारसा होत नाही. चहातील द्रव्य लोहास बांधून टाकते. चहा व गोळी यांत निदान तास-दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि गोळी लिंबू, आवळा किंवा संत्रा यांबरोबर घ्यावी, म्हणजे आंबट फळातील जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. ज्या जिल्ह्याचा संत्रा देशभर जातो त्या जिल्ह्यातच रक्तक्षयी बायांनी गोळी चहाबरोबर घ्यावी, हे नवलच म्हणावयाचे. तथापि विदर्भात सिकलसेल नामक रक्ताचा आनुवंशिक विकारही पुष्कळ कुटुंबांत आहे. अशा रोग्यांचे रक्त कमी असण्याचे कारण लोहाची उणीव हेच असते असे नाही. सबब त्यांनी डॉक्टरास विचारल्यावाचून लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. या रोग्यांचे टाळेबंदीत विशेष हाल झाले. रक्तदानाची शिबिरे थांबल्यामुळे रक्तपेढ्यांतील साठा घटला आणि नेहमीची औषधे नेण्यास वाहन नव्हते.

बाळंतपणाच्या बाबतीत विलंब तीन ठिकाणी होतो. इस्पितळात जावे असा निश्चय करण्यात, वाटेत, आणि दारात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात. नागपूर विभागात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे तिन्ही विलंब पुष्कळ कमी झाले होते. राज्यातील शंभरांपैकी सुमारे ९५ बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली होती. टाळेबंदीने तिन्ही परत आणले. इस्पितळात गेलो तर कोरोना लागेल या भीतीने निश्चय लांबला. २३ मार्चपासून एस. टी. थांबली, ती जिल्ह्यांतर्गत मे महिन्याच्या उत्तरार्धात व एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात २० ऑगस्ट रोजी सुरू झाली. मधल्या काळात १०८ व १०२ क्रमांकांच्या रुग्णवाहिका होत्या, पण त्यांवर कोरोनाच्या रोग्यांचाही ताण होता, आणि खासगी जीप करावयाची तर भाडे दुप्पट-तिप्पट. नागपुरातील मेडिकल व मेयो या दोन्ही मोठ्या सरकारी रुग्णालयांचा पुष्कळसा भाग कोरोनाकरिता राखून ठेवावा लागला. डागा स्त्री रुग्णालय बाळंतपणाकरिता चालू होते. परंतु भिवापूर किंवा देवलापारच्या बाईस तेथवर पोहोचावयाचे म्हणजे वाटेत नाके, परवाने आणि तपासणीच्या चिठ्ठ्या. प्रसूतिवेदना चिठ्ठीची वाट पाहत नाहीत.

ज्या तक्रारी तातडीच्या वाटत नाहीत त्यांची तर दादच लागली नाही. अंगावरून जाणे, स्तनातील गाठ, गर्भाशयमुखाचा विकार, ही दुखणी प्रारंभी दुखत नाहीत, म्हणून ती पुढे ढकलली जातात. नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्यप्रदेश व छत्तीसगढातूनही रोगी येतात. गाड्याच बंद असल्यावर ते येणार कसे? संततिनियमनाच्या शस्त्रक्रिया व तांबी बसविणे ही कामे सरकारी आज्ञेनेच काही काळ तहकूब होती. त्याचा परिणाम नको असलेल्या गरोदरपणात झाला, आणि गर्भपाताची कायदेशीर सोय जेथे आहे तेथवर जाता न आल्याने कित्येक जणींनी गावठी उपाय केले. हा विषय उघड बोलण्याचा नाही असे मानले जाते, त्यामुळे त्याचे दुष्परिणामही गुप्तच राहतात. मासिक धर्माच्या वेळी लागणाऱ्या घड्यांचेही तसेच. जीवनावश्यक वस्तूंच्या पहिल्या यादीत त्यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्याने खुलासा केला तेव्हा त्यांची वाहतूक मोकळी झाली. याद्या करणाऱ्या मंडळीत स्त्रिया किती होत्या, असा प्रश्न येथे सहज मनात येतो.

लसीच्या बाबतीत एक गोष्ट नमूद केली पाहिजे. गर्भार स्त्रियांस लस देण्याची परवानगी २ जुलै २०२१ रोजी मिळाली. तोवर दुसरी लाट, जी आमच्या भागात त्या वर्षीच्या मार्च-एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत भयंकर होती, येऊन गेली होती. परवानगी मिळाल्यावरही लसीने मूल होत नाही, पाळी बिघडते, अशा अफवांमुळे पुष्कळ घरच्या वडीलधाऱ्यांनी सुनांस केंद्रावर जाऊ दिले नाही.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख करताना लेखणी अडखळते त्या गोष्टीकडे येऊ. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चारांत एकीने आपणांस नवऱ्याकडून मारहाण वा छळ सोसावा लागल्याचे उपरोक्त पाहणीत सांगितले होते. टाळेबंदीत मारणारा व मार खाणारी एकाच छताखाली दिवसरात्र कोंडले गेले. धंदा बंद, हातात पैसा नाही, दारू नाही किंवा असली तर चोरटी व महाग. त्याचा राग कोठे निघणार? राष्ट्रीय महिला आयोगाकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या म्हणून नोंदलेल्या तक्रारी २०१९ साली तीन हजारांच्या आत होत्या, त्या २०२० साली पाच हजारांवर गेल्या. आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी व्हॉट्सॲपवरून तक्रार पाठविण्याकरिता निराळा क्रमांक सुरू केला, तो एवढ्याचकरिता की, घरात सर्व माणसे असता बोलून तक्रार करणे अशक्य झाले होते. परंतु खेड्यातील घरात मोबाईल एकच असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. एरवी अशा वेळी बाई काय करीत असे? पहाटेच्या गाडीने माहेरी जात असे; भाऊ येऊन दोन शब्द ऐकवीत असे; विहिरीवर वा निंदणीच्या पाटीत शेजारणीस सांगून मन हलके करीत असे. हे गावचे जुने न्यायालय होय, आणि टाळेबंदीने ते बंद केले.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा अशा स्त्रीस राहत्या घरातून काढता येणार नाही असे सांगतो, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो, वकिलाची आवश्यकता नसते; १८१ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. दारूचा विषय निघाला म्हणून जाता जाता सांगतो की, चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या आंदोलनामुळे २०१५ साली आलेली दारूबंदी राज्य मंत्रिमंडळाने मे २०२१ मध्ये, साथीच्या ऐन दुसऱ्या लाटेत, उठविली. ती बंदी कितपत पाळली जात होती यावर मतभेद आहेत. परंतु ती मागणाऱ्या बाया त्या वेळी मोर्चा काढण्यासही घराबाहेर पडू शकत नव्हत्या, एवढे खरे.

पैशाची बाजू पाहू. जनधन खाते असलेल्या प्रत्येक स्त्रीस एप्रिल, मे व जून या तीन महिन्यांत दरमहा ५०० रुपये मिळाले. रक्कम लहान होती, पण ती तिच्या नावाने आली, याचे महत्त्व मोठे आहे. ते काढण्याकरिता बँकेपुढे उन्हात रांगा लागल्या. खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून वार ठरवून द्यावे लागले. याउलट शेतकरी सन्मान निधीचे २,००० रुपये त्याच महिन्यात ज्याच्या नावे जमीन त्याच्या खात्यात गेले. शेतात राबणाऱ्या परंतु सातबाऱ्यावर नाव नसलेल्या स्त्रीस त्यांतले काही मिळाले नाही, कारण सरकारी भाषेत ती शेतकरी नव्हे.

बचत गटांच्या व लहान वित्तसंस्थांच्या कर्जांचा उलगडा विशेष सावधपणे केला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे व पुढे ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. पुष्कळ बायांस हप्ता माफ झाला असे वाटले. वस्तुतः व्याज चालूच होते. समजा, ३०,००० रुपये दरसाल दरशेकडा २४ दराने घेतलेले आहेत. सहा महिने काहीच न भरल्यास ३,६०० रुपये व्याज चढते. पुढे त्या काळातील व्याजावरचे व्याज परत करण्यात आले, मूळ व्याज नव्हे. ऑगस्ट संपताच वसुलीवाले दारात आले. आणि त्याच खरिपात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही अशा तक्रारी राज्यभर होऊन अनेकांस दुबार पेरणी करावी लागली होती. दागिने गहाण पडले ते बहुधा त्याच वेळी.

मुलींच्या शिक्षणाची व लग्नांची गोष्ट थोडक्यात सांगतो. शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. ग्रामीण भागातील पाचवी व त्यापुढील वर्ग सर्वत्र नियमित भरू लागले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये. मोबाईलवरच्या शिकवणीत एका यंत्रावर भाऊ व बहीण असले की पाळी भावाची. त्यातच लग्ने थोडक्या माणसांत उरकण्याचा नियम झाल्याने खर्च वाचतो म्हणून कित्येकांनी अठरा वर्षांच्या आतील मुलींची लग्ने उरकून घेतली. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कोवळ्या वयाच्या बाळंतपणात रक्तक्षयाचा धोका दुणावतो हे वर सांगितलेल्या गोष्टींवरून वाचकांच्या ध्यानी येईलच.

शेवटी, जो प्रश्न जमीनदार शेतकऱ्यास सर्वांत निकट आहे, तो म्हणजे विधवांचा. दुसऱ्या लाटेत नागपूर शहरात १५ ते २१ मार्च २०२१ अशी कडक टाळेबंदी झाली व १४ एप्रिलपासून राज्यभर निर्बंध आले. त्या दोन-अडीच महिन्यांत तीस ते पन्नास वर्षे वयाचे कर्ते पुरुष गेले. खासगी इस्पितळांची बिले लाखांत झाली होती. ती भरण्यास बैल, दागिने व प्रसंगी शेतही विकले गेले, आणि माणूसही राहिला नाही. सरकारने मृताच्या वारसास ५०,००० रुपये दिले; ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने अशा विधवांकरिता मिशन वात्सल्य ही योजना काढली. परंतु शेतकऱ्याच्या विधवेचा खरा आधार जमीन होय, आणि अडचण नेमकी तेथेच आली.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मिळकतीत त्याची विधवा, मुलगे, मुली व आई हे प्रथम वर्गाचे वारस असून त्यांस सारखे वाटे मिळतात. विधवेच्या वाट्यास दिराची वा सासऱ्याची संमती लागत नाही. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत महसूल कायद्याप्रमाणे तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे व प्रतिज्ञापत्र जोडले म्हणजे वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा क मध्ये, नोंद होते, मग फेरफार निघून हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर नाव चढते. मुदत टळली तरी हक्क बुडत नाही. उशिराने अर्ज करता येतो. हे नाव चढल्यावाचून पीककर्ज, पीकविमा, सन्मान निधी व हमी भावाची खरेदी यांपैकी काहीही सुरळीत तिच्या नावे होत नाही. अशा दिवसांत कोणी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला तर विधवेने त्यावर सही करण्याची घाई करू नये. ते पत्र नोंदणी कार्यालयात नोंदल्यावर मागे फिरविणे फार कठीण असते, आणि तेराव्याच्या आत कोणताही कागद निकडीचा नसतो.

याहून सोपा मार्ग नवऱ्याच्या हयातीतला आहे. शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालविली, आणि १९९२ च्या शासन निर्णयाने पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय झाली. अर्ज तलाठ्याकडे द्यावयाचा, सोबत चालू सातबारा व दोघांची ओळखपत्रे. मुद्रांक लागत नाही. जमिनीवर बँकेचे कर्ज असल्यास बोजा तसाच राहतो, परंतु तेवढ्यावरून अर्ज अडत नाही. सामाईक खात्यात जो वाटा पतीचा आहे त्यापुरतेच नाव लागते, ही मर्यादा ध्यानात घेऊन प्रथम खातेफोड करून घ्यावी किंवा वाटा स्पष्ट लिहून द्यावा.